रोवण्याचं वेळापत्रक

आमच्या गुरुजींना बसलेलं मूल बघवत नसे. इतर मास्तरांना उभं राहिलेलं मूल दिसलं की राग येतो, यांचं उलटं. आमची शाळा पाचवी ते सातवीची, मुलं अकरा ते चौदा वर्षांची, आणि या वयाबद्दल त्यांचं मत ठाम होतं. "हे वय बसाचं नाही," ते म्हणत. "या वयात हाडं वाढून राहिले असतात. हाडं वाढून राहिले त पोट्टं बसन कसं?" म्हणून रोज एक तास उभ्याचा. भूगोल असो की कविता, तो तास तलावाच्या पाळीवर चालत चालत व्हायचा. पुढं गुरुजी, डोक्यावर काळी छत्री, ऊन असो नसो, मागं आम्ही. महाराष्ट्रातल्या नद्या मी चालत शिकले आहे. आजही कोणी वैनगंगेच्या उपनद्या विचारल्या तर आधी माझे पाय हलतात आणि मग तोंड.

आमचं गाव एकोडीच्या अंगाचं. एका बाजूला तलाव, बाकी तिन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं. गावात ज्याला शेत नाही तो एक तर सुतार, नाहीतर कोतवाल, नाहीतर माझे वडील. वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. त्यामुळे चिखलात पाय न घालता मोठ्या झालेल्या चारदोन पोरांपैकी मी एक. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या दिवशी मी शाळेत हजर होते ती काही माझ्या गुणांमुळे नव्हे.

गुरुजी नाकाडोंगरीकडचे, जंगलाच्या काठचे. बायको-मुलं तिकडंच. ते आमचे हेडमास्तर, हाताखाली सायकलवर एकोडीहून येणारे दोन मास्तर, आणि राहायला शाळेच्याच भिंतीला टेकलेली एक खोली. अंगात मे महिन्यातसुद्धा कोट. चहा बिनदुधाचा, कारण दूध घातलं की चहाला आळस येतो असं त्यांचं म्हणणं. गाव त्यांना थोडंसं सटकलेलं समजे, पण पोरं मात्र त्यांच्याच शाळेत घाली. दुसरी शाळा नव्हती हेही खरं.

शाळेच्या ओसरीत एक काळी फळी टांगलेली होती. दर सोमवारी गुरुजी ती ओल्या फडक्यानं पुसत आणि आठवड्याचं वेळापत्रक नव्यानं लिहीत. सरकारी वेळापत्रक छापील होतं, ते ऑफिसातल्या खिळ्याला लटकत असे, आणि तिथं त्याला कोणी त्रास देत नसे. फळीवर जेवणानंतर इतिहास कधीच नसे. "जेवल्यावर इतिहास घेतला त लढाईत राजेही झोपून जातात," हे कारण. गणित मात्र सकाळी, सगळ्यात आधी. "सकाळी डोकं ओलं असते. गणित ओल्यातच पेराव." आणि गणिताच्या तासाला इयत्ता मोडलेल्या असत. ज्याला अपूर्णांक येत नाहीत तो अपूर्णांकांत, मग तो सातवीचा का असेना. मिशी फुटू लागलेला एक दांडगा मुलगा पाचवीच्या पोरांना खेटून बसायचा. लाजेनं का होईना, दिवाळीच्या आत तो अपूर्णांक शिकून वर गेला.

शनिवारचा शेवटचा तास कंटाळ्याचा. या आठवड्यात कोणत्या तासाला कंटाळा आला आणि काहून आला, हे प्रत्येकानं उभं राहून सांगायचं. त्यातलं 'काहून' महत्त्वाचं. नुसतं "भूगोलाचा कंटाळा आला" म्हटलं की गुरुजी म्हणत, "एवढं त बैलही सांगते. पुढं बोल." दोन्ही मास्तरांना या तासाला हटकून बाहेर काहीतरी काम निघे. गुरुजी मात्र खुर्चीत बसून सगळं ऐकत.

एकदा शेवंता उठली. शेवंता माझी मैत्रीण, शेजारच्या आळीत राहणारी, आणि शाळेत सगळ्यात हुशार. मी शिक्षिका म्हणून पुढं हजारभर पोरी पाहिल्या, त्यात तिच्यासारखी सापडली नाही, हे मी मैत्रीण म्हणून बोलत नाही. ती म्हणाली, "गुरुजी, तुमची किल्ल्याच्या वेढ्याची गोष्ट तीन खेपा झाली जी. आता किल्ला पडते हे आमाले पहिल्यापासून मालूम असते."

गुरुजींनी छत्री उचलली. आम्हाला वाटलं, आता बसली पाठीत.

"मंग सोमवारी तूच सांग," ते म्हणाले. "मी आयकतो."

सोमवारी तिनं सांगितली, आणि गुरुजी तिच्या जागेवर तरटावर मांडी घालून बसले. कोटासकट. तिनं गोष्ट किल्ल्याच्या आतून सांगितली, दाणे संपत चाललेल्या बाईच्या तोंडून. गोष्ट संपली तेव्हा गुरुजींनी नाक शिंकरलं.

शेवंता शाळेत येई ती कडेवर धाकट्या भावाला घेऊन. आई शेतात, पोर सांभाळणार कोण? दुसऱ्या कुठल्या शाळेनं तिला दारातूनच परत धाडलं असतं. गुरुजींनी त्याचा विषय करून टाकला. तेव्हा कार्यानुभव नावाचं नवं प्रकरण अभ्यासक्रमात आलं होतं, आणि त्यात काय शिकवायचं हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. गुरुजींनी फळीवर लिहिलं, 'कार्यानुभव: लहान मूल सांभाळणे'. निंबाखाली पोती अंथरली, गावातली सहासात कडेवरची पोरं तिथं ठेवली, आणि सांभाळायची पाळी लावली मुलांची. मुलींची नव्हे, मुलांची. पाटलाच्या मुलानं परक्या पोराचं ढुंगण धुतलं त्या दिवशी पाटील तरातरा शाळेत आले.

"हे काय शिकवून राहिले गुरुजी तुमी?"

"तुमचं कोणी धुतलं होतं जी?" गुरुजींनी शांतपणे विचारलं. "मायनंच ना? मंग ते काम हलकं कसं?"

पाटील गेले. मुलाची पाळी चालू राहिली. हे आठवलं की मला अजून हसू येतं, आणि पुढचं आठवलं की ते हसू तोंडातच राहतं.

रोवण्याच्या दिवसांत आमच्याकडे घरात माणूस सापडत नाही. आषाढ-श्रावणात धानाची परे, म्हणजे कोवळी रोपं, उपटून बांधीत लावायची असतात, आणि बारा-तेरा वर्षांची पोर म्हणजे त्या कामाला पक्का हात. इतर गावच्या शाळा त्या महिन्यात ओस पडत, मास्तर माशा मारत. आमची भरे. गुरुजी शाळाच उचलून दिवसाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवत. उजाडताच शाळा सुरू, बाया बांधीकडे निघायच्या वेळेला सुटी, आणि संध्याकाळी हातपाय धुतल्यावर पुन्हा थोडा वेळ वाचन. दोन्ही मास्तर कुरकुरत, अंधारात सायकली हाणत येत. पण हजेरी पुरी असे. इतकंच काय, बाया मजुरीची वेळ ठरवण्याआधी पोरींना विचारत, "फळीवर काय लिवलं हाय ग?"

आधीचे तपासणी साहेब हे सगळं जाणून होते. जाडजूड, खाण्याचे शौकीन गृहस्थ. रोवण्यात तपासणी असली की गुरुजी त्यांना आदल्या दिवशीच मुक्कामाला बोलावत. रात्री तलावातल्या झिंग्यांची भाजी, सकाळी दात घासत घासत ओसरीतून भरलेल्या शाळेची तपासणी. साहेब खूष, गुरुजी खूष. मग त्या साहेबांची बदली झाली.

मी आणि शेवंता सातवीत होतो तेच ते वर्ष. सातवीनंतर गावात काही नव्हतं. मुलं एसटीनं साकोलीला जात, मुली चुलीपाशी. त्या वर्षी सातवीत आम्ही सात मुली होतो, एवढ्या कधीच टिकल्या नव्हत्या, आणि गुरुजींनी गावात आठवी मागितली होती. अर्जामागून अर्ज, भंडाऱ्याच्या खेपांमागून खेपा. शेवंताच्या बापाकडे तर ते स्वतः जाऊन बसले होते. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं स्वच्छ सांगितलं, "गावात आठवी झाली त शिकवतो जी. साकोलीले नाही धाडत. पोरीची जात, मोटारीत कोण पाहते?" शेवंतानं हे दाराआडून ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती आठवीबद्दल असं बोले, जशी ती आठवी तिच्या घरीच बांधून ठेवली आहे. मला काळजी नव्हती. माझे मामा भंडाऱ्याला होते.

आठवी द्यायची की नाही हे ठरवायला नवे साहेब शाळा बघून जाणार होते. निरोप आला तो ऐन रोवण्यातला. गुरुजींनी उलट निरोप धाडला, आदल्या दिवशी मुक्कामाला यावं. उत्तर आलं की साहेब मुक्काम करत नाहीत, जीपनं दुपारी येतील. झालं. सरपंच आले, दोन्ही मास्तर सरसावले. एक दिवस, फक्त एक दिवस सरकारी टाइमावर शाळा भरवा, अकरा ते पाच. साहेबाला जसं पाहिजे तसं दिसू द्या. गुरुजी ऐकेनात. त्यांनी फळीवर नेहमीचं लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

आदल्या संध्याकाळी, वाचन सुटून पोरं घरी गेल्यावर, ते आमच्या दुकानात आले. कोट धुवायला साबण पाहिजे होता. वडील म्हणाले, "मंग काय ठरलं जी?"

"अकराले भरवतो," गुरुजी म्हणाले. "माझी एकट्याची गोष्ट असती त नसतं आयकलं. पण सात पोरी हायत. माझ्या सटकेपायी त्याहीचं नुकसान कायले?"

गाव आपल्याला सटकलेलं म्हणतं हे त्यांना माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

"पण पोट्टे येतील का जी अकराले? रोवण्यात?"

"एक दिवसाची त गोष्ट हाय. येतील. कोतवालाले दवंडी द्याले सांगतलं."

कोतवालानं दवंडी दिली. पण पाऊस लागलेला, बाया दिवसभर वाकून थकलेल्या, कौलांवरच्या आवाजात दवंडी कोणी ऐकली, कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडलं आणि शाळा हजर. सगळी. पाचवी, सहावी, सातवी, कडेवरच्या पोरांसकट, घोंगड्या आणि पोत्यांच्या खोळी डोक्यावर घेऊन अंगणात उभी. मीही गेले होते. दवंडी मी ऐकली होती, साबणही मीच काढून दिला होता, पण पायांना सवय. सगळ्यांच्या पुढं शेवंता. शाळेला कुलूप.

गुरुजी खोलीतून बाहेर आले, अंगात धुतलेला, अजून दमट असलेला कोट. आम्हाला बघून त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. आनंदच झाला होता बहुतेक. क्षणभर त्यांचा हात किल्लीकडे गेलेला मी पाहिला. मग ते म्हणाले, "आज आता नाही. घरी जा. अकराले या. साहेब येणार हाय. केस इचरून, धुतले कपडे घालून या."

"गुरुजी," शेवंता म्हणाली, "आमची परे कालच उपटून ठेवली हायत जी."

उपटलेली परे ठेवून चालत नाही, ती लावावीच लागतात, हे आमच्याकडे पाचवीतलं पोरही जाणतं. गुरुजी तर शेतकऱ्याचेच. पण त्या सकाळी त्यांच्या डोक्यात साहेब होते, छापील कागद होता, सात मुली होत्या. परे नव्हती.

"मायले सांग, आज गुरुजीनं बोलावलं. आजचा दिवस. जा बाई, अकराले ये."

शाळा वळली आणि पांगली. ती सगळी पाठमोरी पोरं पावसात जाताना मला आजही दिसतात, आणि दर वेळी वाटतं की कोणीतरी हाक मारावी. कोणी मारली नाही. पोरं घरी पोचली तेव्हा बाया त्या दिवशी लवकरच निघायच्या तयारीत होत्या. शाळा नाही म्हणताच, चला बांधीवर.

अकराला गुरुजींनी दार उघडलं. तरटावर मी, माझा चुलतभाऊ, सुताराचा मुलगा आणि कोतवालाच्या दोन मुली. झालं. दोन्ही मास्तर इस्त्रीचे कपडे घालून आले होते. ओसरीतल्या फळीवर सुंदर अक्षरात सरकारी वेळापत्रक. गुरुजी दारात उभे राहून रस्त्याकडे बघत होते. कोणी येत नव्हतं. त्यांनी कोतवालाला बांध्यांकडे पिटाळलं, पण बांध्या का एका जागी असतात? दुपारी जीप आली.

साहेब तरुण होते, उद्धट नव्हते. त्यांनी वर्ग बघितले, हजेरीपट बघितला, मग विचारलं, "मुलं कुठं आहेत?"

"साहेब, सकाळी पूर्ण शाळा इथं उभी होती," गुरुजी म्हणाले. "मीच परत धाडली."

"म्हणजे शाळा भरलेली होती आणि तुम्हीच ती घरी पाठवली?"

"हो जी."

साहेबांनी मास्तरांकडे बघितलं. ते अकराला आलेले, त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. मला राहवलं नाही. मी उभी राहिले. "खरंच साहेब, आम्ही सगळे आलो होतो सकाळी."

साहेब हसले. रागानं नाही, पोरांना चांगलं पढवलंय अशा अर्थानं. "बस," ते म्हणाले. गुरुजींकडे वळून म्हणाले, "मला जे दिसतं तेच लिहावं लागतं हो."

ते जीपकडे निघाले तेव्हा शेवंता आली. आपली ओळ लावून संपवली आणि बांधीतून पळत सुटली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, ओच्यातून पाणी गळतंय. साहेब थांबले.

"कितवीत?"

"सातवीत जी."

"शाळा किती वाजता भरते?"

तिनं गुरुजींकडे बघितलं. खोटं बोलायला तिला कोणी शिकवलं नव्हतं. "उजाडल्यावर जी," ती म्हणाली.

साहेबांनी फळीकडे बघितलं. फळीवर अकरा ते पाच. ते जीपमध्ये बसले. जीप पाळीवरून दिसेनाशी झाली तरी गुरुजी तिथंच उभे. मग शेवंताला म्हणाले, "पाय धुऊन घे." ती पाय धुऊन आली आणि तरटावर माझ्याशेजारी बसली. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत आम्ही सहा जणी-जण बसलो होतो. उभ्याचा तास झाला नाही.

धानाची मळणी चालू असताना भंडाऱ्याहून कळलं, पुरेशी मुलं नाहीत, आठवी नाही. गुरुजी शेवंताच्या बापाच्या खळ्यावर गेले. आमचं दुकान समोरच, मी पोत्यावर बसून सगळं ऐकत होते. साकोलीला धाडा म्हणाले. मी स्वतः नेऊन पोचवतो म्हणाले. कोट घातलेला तो माणूस धानाच्या ढिगापाशी हात जोडून उभा होता, ते मला बघवेना.

"गावात झाली असती त शिकवली असती जी," शेवंताचा बाप म्हणाला. "मी बोललो होतो, मी नाही फिरलो." मग अगदी हळू आवाजात, जसं मोठ्या माणसाची चूक सांगावी तसं म्हणाला, "तुमी आपल्याच टाइमावर शाळा भरवाची होती न गुरुजी. आमची पोरगी त आलीच होती."

गुरुजींनी मान हलवली आणि ते निघून गेले.

मी मामांकडे भंडाऱ्याला आठवीत गेले. तिथं घंटा होती, आखीव तास होते, आणि दिवसभर बसणं होतं. मला पुष्कळ शिकवलं गेलं. मी शिक्षिकाही झाले, आणि वेळापत्रकाचं काम आलं की मी ते हटकून दुसऱ्या कोणावर ढकलते. गुरुजींबद्दल गावाहून कानावर येई की ते आता सुधारले. फळी काढून ठेवली, कंटाळ्याचा तास बंद, शाळा बाराही महिने अकरा ते पाच. रोवण्यात पोरं येत नाहीत, गुरुजी रिकाम्या वर्गात खुर्चीवर बसून राहतात. गावाला हे बरंच वाटलं असावं. निवृत्त होऊन ते नाकाडोंगरीला गेले आणि तिकडंच वारले. मी भेटायला जाणार होते, जाणं झालं नाही, आणि त्याचं मला आता फार वाईट वाटतं.

शेवंता मला पुष्कळ वर्षांनी एका लग्नात भेटली. मांडवामागं आम्ही भाज्या चिरत बसलो होतो. बोलता बोलता मी म्हटलं, गुरुजी इतके कसे गं बदलले? एकदम कसे बदलले?

तिनं विळीवरचा हात थांबवला. म्हणाली, "तू भंडाऱ्याले गेली न, त्या साली रोवणा लागला त्या पहिल्याच सकाळी मी गेली होती शाळेत."

"तू? तुझी तर सातवी झालेली."

"झाली होती. पण मले वाटलं, उजाडताची शाळा भरन, गुरुजी मागं बसू देतील. त्याहीले कोणती इयत्ता लागत होती? दुसरे पोट्टेही आले होते सवयीनं. दाराले कुलूप. पोट्टे उभे राहून राहून गेले. मी गुरुजीच्या खोलीपाशी गेली. हाक मारली."

"मग?"

"आतून म्हणाले, कोण? म्हटलं, मी हाय जी, शेवंता. मी आपली उभी. दार काही उघडलं नाही. आतूनच म्हणाले, शाळा अकराले भरते बाई. अकराले ये."

तिनं पुन्हा भाजी चिरायला घेतली.

"अकराले त मी बांधीत होती."